नळदुर्गचे पाणी

सोलापूरच्या माणसाने धबधब्याविषयी लेख लिहिलेला पाहून पुण्या-मुंबईचा वाचक प्रथम मिशीतल्या मिशीत हसेल, हे मी धरूनच चालतो. हसावे, माझी हरकत नाही. आमच्याकडे वर्षाकाठी पाऊस पडतो तो सरासरी पाचसहाशे मिलिमीटर. महाबळेश्वरला तेवढा जुलैच्या एखाद्या पंधरवड्यात सहज पडून जातो आणि तिथले लोक त्याची वहीत नोंदसुद्धा ठेवीत नसतील. आमच्या नळाला चार-पाच दिवसांच्या अंतराने पाणी येते. ज्या दिवशी येते त्या दिवशी घरात सण असतो. पाहुण्यांना 'कधी येता?' असे विचारण्याऐवजी 'पाण्याच्या दिवशी या' असे सांगणारे माझे एक शेजारी आहेत. वर्गात ध्वन्यनुकारी शब्द शिकविताना मी दरवर्षी 'धबधबा' हा शब्द फळ्यावर लिहितो, आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कोणी तरी हळूच म्हणते, "सर, आपल्याकडे त्याला टँकर म्हणतात."

तर अशा या गावापासून पूर्वेला, हैदराबादच्या रस्त्यावर, सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर नळदुर्ग आहे. नळराजाने तो वसविला म्हणून हे नाव पडले, अशी कथा सांगतात. आमच्या घरात मात्र वेगळी व्युत्पत्ती रूढ आहे. नळाचे पाणी दुर्लभ झाले म्हणजे जेथे जाऊन ते पाहावे, तो नळदुर्ग. ही व्युत्पत्ती माझ्या वडिलांची. ते एका गिरणीच्या कचेरीत कारकून होते, आणि भाषाशास्त्राचा त्यांचा अभ्यास एवढाच होता; पण माझ्या एम.ए.च्या पुस्तकांत मला याहून वाईट व्युत्पत्त्या भेटल्या आहेत.

या लेखाचे मूळ वडिलांच्या एका फोटोत आहे, म्हणून आधी त्याविषयी सांगतो. लग्नानंतर त्यांनी एक आग्फा क्लिक थ्री घेतला होता. ज्यांच्या घरी तो होता त्यांना त्याचे काळे गोंडस रूप आठवत असेल. एका रोलमध्ये बारा फोटो निघत, ते चौकोनी. फार विचार करण्याची सोय त्या कॅमेऱ्यात नव्हती. ऊन की सावली एवढे ठरवावे आणि खटका दाबावा. १९७२ च्या भाद्रपदात वडील आईला एसटीत घालून नळदुर्गला घेऊन गेले. किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून बोरी नदी दोन धारांनी कोसळते, एका धारेला नर म्हणतात, दुसरीला मादी, आणि त्या धारांच्या मागे बांधलेल्या महालात बसले तर अंगावर थेंब येत नाही, हे सगळे त्यांनी गिरणीतल्या कोणा उमरग्याकडच्या माणसाकडून ऐकले होते. श्रावण कोरडा गेला होता. भाद्रपदात तरी पाणी असेल, असा त्यांचा हिशेब.

तो फोटो आमच्याकडे अजून आहे. मागे बंधाऱ्याची काळी उंच भिंत. तिच्यावर पाण्याचा टिपूस नाही. पुढे नदीचे कोरडे पात्र, त्यात म्हशीच्या पाठीसारखा एक मोठा दगड, आणि त्याला टेकून पंचविशीची माझी आई. डोक्यावर पदर, डोळे उन्हाने बारीक केलेले. फोटोच्या पाठीवर वडिलांच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे, 'नळदुर्ग. पाणी नाही.'

पुढे वडील आणखी एकदा तिकडे गेले, कचेरीतल्या मित्रांबरोबर. त्या वेळी पाणी होते, पण रोल संपला होता. २०११ साली ते गेले. आईने नर-मादीचे पाणी कधीच पाहिले नाही, आणि आता तिचे गुडघे किल्ल्याच्या पायऱ्यांना तयार नाहीत. "मी टेकले होते त्या दगडापाशी पाणी कसं दिसतं, तेवढं एकदा बघायचंय," असे ती दोन-चार वर्षांतून एकदा म्हणते, तेही भाजी निवडता निवडता. मी चांगला कॅमेरा घेतल्यापासून या वाक्याची वारंवारता थोडी वाढली होती.

पण हे पाणी आपल्या सोयीने वाहत नाही. वरच्या अंगाला आता बोरीवर धरण आहे. ते भरून सांडव्यावरून वाहू लागले की मग नर-मादीला जीव येतो. एखाद्या वर्षी ऑगस्टातच येतो, एखाद्या वर्षी येतच नाही. मी दोनदा जाऊन वडिलांसारखाच 'पाणी नाही' असा शेरा मारून परत आलो होतो. २०२५ च्या पावसाने मात्र सगळे हिशेब फिरविले. सप्टेंबरात सोलापुरात असा पाऊस लागला की आमच्या गल्लीतल्या लोकांना छत्री कुठे ठेवली आहे हे शोधण्याची पाळी आली. नळदुर्गकडून येणारा एक विद्यार्थी वर्गाबाहेर थांबून म्हणाला, "सर, दोन्ही चालू झालेत." दोन्ही म्हणजे काय, हे मला विचारावे लागले नाही.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही निघालो. मी, आमची मंडळी, बारावीतली मुलगी, आणि आमच्या महाविद्यालयातले भूगोलाचे प्राध्यापक. हे गृहस्थ बरोबर असले म्हणजे दगड दिसला की व्याख्यान होते. पण ते धपाटे उत्तम खातात आणि ट्रायपॉड निमूटपणे वाहून नेतात. आईने दारात उभे राहून मला दोन सूचना केल्या. एक, पाण्याजवळ पोरीला सोडू नकोस. दुसरी, दगड नीट बघून ये. जुन्या फोटोचा फोटो काढून मी माझ्या मोबाईलमध्ये घेतलाच होता.

बोरामणी, तांदुळवाडी, इटकळ असे करीत एसटी अणदूरला आली. अणदूरचा आणि नळदुर्गचा खंडोबा एकच. दोन गावांनी देव वाटून घेतला आहे: वर्षातले सव्वादहा महिने तो अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. भाऊबंदकीच्या आपल्या देशात एका मूर्तीची इतकी समंजस वाटणी झालेली पाहून मला नेहमीच आदर वाटतो. याच रस्त्याने १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. पहिली चकमक नळदुर्गापाशीच झाली आणि बोरीवरचा पूल शाबूत हाती आला. एसटीतले निम्मे लोक झोपले होते आणि उरलेले खिडकीतून शेते पाहत होते. शेतांत सोयाबीन पिवळे पडत आले होते आणि त्याच्या सऱ्यांत पाणी चकाकत होते. मुलगी म्हणाली, "किती छान दिसतंय!" पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून एकदा तिच्याकडे पाहिले. काही बोलल्या नाहीत.

नळदुर्गचा किल्ला डोंगरावर नाही. आपल्याला किल्ला म्हटले की मान वर करून पाहायची सवय, येथे ती उपयोगी पडत नाही. सपाट माळ चालत चालत बोरीच्या घळीवर येतो आणि तिथे काळ्या पाषाणाचे एक भले मोठे नाक त्या घळीत घुसलेले आहे, त्या नाकावर हा किल्ला. भूगोलाच्या प्राध्यापकांचे म्हणणे असे, की हा सगळा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा प्रताप आहे; नदीने ते थर कापीत नेले आणि माणसाने उरलेल्या कड्यावर चिरे चढविले. कडा कोठे संपतो आणि तट कोठे सुरू होतो हे खरोखरच चटकन कळत नाही. जुना मातीचा कोट काढून हा दगडी तट उभारला तो विजापूरच्या अली आदिलशहाने. पाण्याची करामत मात्र त्याच्यानंतर गादीवर आलेल्या दुसऱ्या इब्राहिमाची, १६१३ सालची. हा इब्राहिम म्हणजे ज्याने 'किताब-इ-नौरस' रचून आरंभी सरस्वतीला आणि गणपतीला वंदन केले, तोच. गाण्याचे वेड असलेला राजा पाणी अडवावयास निघाला म्हणजे काय होते, ते नळदुर्गला पाहावे. किल्ल्याच्या समोर, नदीपलीकडे, रणमंडळ म्हणून छोटी गढी आहे. किल्ला आणि रणमंडळ या दोहोंना जोडणारा जाडजूड दगडी बंधारा त्याने घातला. शत्रूच्या वाटेत पाणी उभे राहिले, किल्ल्याला प्यायला पाणी मिळाले. कोणताही शहाणा राजा येथे थांबला असता. इब्राहिमाने त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधला आणि त्याच्या खिडक्या पाण्याच्या पडद्यामागे ठेवल्या.

१८५३ साली निजामाकडून हा मुलूख कंपनी सरकारकडे आला तेव्हा कर्नल मेडोज टेलर येथे अंमलदार होऊन राहिला. ठगांवरची त्याची कादंबरी पुष्कळांना ठाऊक असते. पण तुळजापूरच्या मुलीची गोष्ट सांगणारी 'तारा' ही त्याची १८६३ ची कादंबरी याच भागातली आहे. आत्मचरित्रात त्याने या किल्ल्याविषयी आणि बंधाऱ्याविषयी मोठ्या प्रेमाने लिहिले आहे. किल्ल्यात हिंडताना मला नेहमी वाटते, या साहेबाला दर पावसाळ्यात नर-मादी घरबसल्या पाहावयास मिळाली असणार, आणि आमच्या आईला त्रेपन्न वर्षांत एकदाही नाही.

आवाज आधी येतो. दारातून आत शिरलो आणि बोलता बोलता आमचे आवाज चढले, तेव्हा लक्षात आले की कसला तरी दुसरा आवाज आमच्यावर चढत आहे. वळण घेऊन बंधारा दिसला आणि चौघेही गप्प झालो. प्राध्यापकांसहित.

बंधाऱ्याच्या माथ्यावर मागे तांबूस पाण्याचा शांत साठा, आणि दोन जागी तो एकदम तुटून खाली जातो. नर कोणता आणि मादी कोणती, यावर तिथे जमलेल्या मंडळींत तीन मते होती. एका तरुणाने अधिकारवाणीने सांगितले की मोठ्या आवाजाचा तो नर. आमची मंडळी म्हणाली, "म्हणजे आवाज मोठा तो नर, आणि काम दोघांचं सारखंच." शेजारच्या दोन बायका मनापासून हसल्या आणि तो तरुण पुढे निघून गेला.

पाणीमहालात उतरलो. बंधाऱ्याच्या पोटात जाणाऱ्या त्या अरुंद पायऱ्या, त्या दिवशी ओल्या आणि माणसांनी भरलेल्या. खाली गेल्यावर दालन लागते, आणि मग खिडकी. खिडकीबाहेर जगच नाही, फक्त पाणी. दिवसाचा उजेड त्यातून गाळून येतो आणि आतल्या माणसांचे चेहरे पाण्याखाली असल्यासारखे हलतात. मुलीने हात बाहेर काढला आणि मी नको म्हणण्यापूर्वी कोपरापर्यंत भिजवून आत घेतला. अंगावर थेंब येत नाही हे मात्र पूर्ण खरे नाही. वारा फिरला की बारीक तुषार आत येतात. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याला एवढी सूट द्यावी.

आता फोटोविषयी, कारण मी त्यासाठी आलो होतो. वाहत्या पाण्याचा फोटो काढणे हे दिसते तितके सरळ काम नाही. खटक्याचा पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा उघडला तर पाण्याचा एकेक थेंब काचेच्या मण्यासारखा हवेत लटकतो. अर्धा सेकंद उघडा ठेवला तर तेच पाणी दुधाच्या धारेसारखे किंवा पिंजलेल्या कापसासारखे मऊ दिसते. दोन्ही खोटेच. डोळ्याला दिसते ते या दोहोंमधले काही तरी असते, आणि ते नेमके कोणत्या वेगावर सापडेल हे त्या त्या पाण्याला विचारावे लागते. पडदा जास्त वेळ उघडा ठेवायचा तर कॅमेरा हलता कामा नये, म्हणून ट्रायपॉड. आणि उजेड जास्त झाला तर चित्र पांढरे फटक पडते, म्हणून भिंगापुढे काळी काच लावायची. एवढे केल्यावर खरी अडचण सुरू होते. नळदुर्गचा दगड काळा, पाणी पांढरे. कॅमेऱ्याने दगडाचा अंदाज घेतला तर पाणी म्हणजे कागदाचा कोरा तुकडा होतो. पाण्याचा घेतला तर दगड म्हणजे शाईचा डाग. लख्ख ऊन असले तर दोघांचे जमणेच शक्य नाही. ढग आले की मात्र काळा थोडा उजळतो, पांढरा थोडा दबतो आणि समेट होतो. त्या दिवशी ढगांची काही कमतरता नव्हती. हौशी लोकांना मी एवढेच सांगेन, की धबधब्याला जाताना सुटी टाकून येणाऱ्या उन्हाच्या दिवसाची वाट पाहू नये.

तुषारांचा त्रास निराळा. दर मिनिटाला भिंगावर दव जमते आणि ते पुसावे लागते. पुसण्यासाठी मी अस्सल सोलापुरी टॉवेल नेला होता. आमच्या गावच्या मालाविषयी मला अभिमान आहे, पण भिंग पुसावयास तो नेऊ नये. त्याची लव काचेवर राहते, आणि घरी येऊन पाहिले तर प्रत्येक फोटोत आकाशातून एक केस लोंबत असतो. पुढे मंडळींनी आपल्या जुन्या सुती साडीचा तुकडा काढून दिला, तेव्हा काम झाले.

महालाच्या आतून, बंधाऱ्यावरून, बुरुजाजवळून असे साठ-सत्तर फोटो झाले. पण आईचा दगड यांतून कोठूनच दिसत नव्हता. वडिलांनी तो फोटो पात्रात उभे राहून काढला होता, बंधाऱ्याकडे तोंड करून. त्या जागी आता नदी होती. तेव्हा तटाबाहेरून घळीत उतरणारी गुराख्यांची एक पाऊलवाट धरून आम्ही खाली गेलो. किल्ल्यात दीडदोनशे माणसे होती, येथे कोणी नाही. दोन्ही बाजूंनी काळे कडे, त्यांच्या फटींतून नुकतेच उगवलेले हिरवे गवत, आणि मधून चहाच्या रंगाचे पाणी वळसे घेत चाललेले. वाट निसरडी होती. आमची मंडळी आणि मुलगी अर्ध्यावर एका सपाट चिऱ्यावर बसल्या. प्राध्यापक माझ्याबरोबर आले आणि एकदा बसतेच झाले. उठून त्यांनी कपडे पाहिले, ट्रायपॉड पाहिला, आणि "ट्रायपॉडला काही नाही," असे म्हणाले. माणूस सज्जन आहे.

पाण्यापासून बऱ्याच वर, एका रुंद खडकावर मी कॅमेरा लावला. समोर बंधारा, त्याच्या दोन्ही धारा पूर्ण, खाली फेसाचा ढग. मोबाईलमधला जुना फोटो काढून समोरच्या देखाव्याशी ताडून पाहू लागलो. भिंत ओळखू आली. वरची एक कमानही ओळखू आली. दगड काही सापडेना.

"फोटू काढायलाव व्हय, मालक?"

मागे एक शेतकरी उभा होता. साठी ओलांडलेला, डोक्याला टॉवेल, विजार गुडघ्यापर्यंत वर चढवलेली, हातात चपला. मी हो म्हटले. तो माझ्याकडे न पाहता पाण्याकडे पाहत होता.

"त्या यंत्रातून लांबचं जवळ दिसतंय का?"

"दिसतं की, मामा. काय बघायचंय?"

"ती नराची धार पडती बघा, तिच्या अलीकडं एक दगड हाय. रेड्या मन्तो आमी त्याला. तो बुडलाय का वर हाय, तेवढं सांगा. माझ्या डोळ्याचं आप्रेशन झालंय, ह्या धुरळ्यातून दिसंना मला."

मी भिंग पूर्ण पुढे घेतले. फेस, फेस, आणि एका जागी पाणी किंचित फुगून पुन्हा खाली जात होते. दगड आहे असे म्हणवत नव्हते, नाही असेही म्हणवत नव्हते. तेवढ्यात मला आठवण झाली आणि मी मोबाईल त्याच्यापुढे धरला. "मामा, हा का तुमचा रेड्या?"

त्याने मोबाईल हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. "ह्योच की! ह्योच. ही बाई कोण?"

"माझी आई."

"आन् पाणी?"

"बहात्तर सालचा फोटो आहे."

"हां, बहात्तर," तो म्हणाला. त्याला आणखी काही सांगावे लागले नाही. थोड्या वेळाने आपणच बोलला. त्या साली तो दहा वर्षांचा होता. आई-बाप खडी फोडावयास जात, आणि तो दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन मोठा झाला. "तवा हितं तळाला झिरा खांदला होता लोकांनी. घागरभर पाण्याला रातभर बसायचं." हे सांगताना त्याची नजर समोरच्या पाण्यावरच होती.

मग आम्ही तिघे एका विचित्र उद्योगाला लागलो. आईच्या फोटोत दगडाचा माथा तिच्या खांद्याला लागतो. आईची उंची पाच फूट. म्हणजे रेड्या सुमारे चार फुटांचा. फोटोत त्याच्या बरोबर वर भिंतीच्या चिऱ्यांची एक तिरपी भेग दिसते. ती भेग आजही जागेवर होती. तिच्या खाली रेषेत यावे तर पाणी जेथे फुगत होते तीच जागा. प्राध्यापकांनी मान डोलावली. मी पडदा हजाराव्या भागावर आणून पाचसहा फोटो भराभर काढले आणि मोठे करून पाहिले. पाणी गोठलेले दिसल्यावर शंका उरली नाही. त्या फुगवट्यात कोठेही काळे नव्हते. रेड्या पूर्ण बुडाला होता, आणि वर वीतभर तरी पाणी होते.

"बुडलाय, मामा."

त्याने खिशातून मोबाईल काढून घरी लावला. बोलला ते सगळे मला समजले नाही, त्या आवाजात ऐकूही आले नाही. पण मोटार काढून घ्या, गुरं वरच्या अंगाला न्या, एवढे कळले. रेड्या बुडाला की काही तासांनी त्याच्या बांधाला पाणी लागते, हा त्यांच्या घरचा पिढीजात अंदाज. सकाळपासून पाणी वाढते आहे अशी आवई होती, म्हणून तो मोटारसायकलवर पाहावयास आला होता. धरणावरून निरोप येतात की, असे प्राध्यापक म्हणाले. "येत्यात," तो म्हणाला, "पर रेड्या खोटं बोलत न्हाई."

जाताना त्याने तो फोटो आपल्या मोबाईलवर टाकण्यास सांगितले. घरच्यांना खरे वाटले पाहिजे म्हणून. मी दोन्ही टाकले, आजचा आणि बहात्तरचा. तो चपला हातात घेऊनच चढून गेला. आम्ही धपाटे आणि शेंगाची चटणी तिथेच, त्या खडकावर खाल्ली. मुलगीही खाली आली होती. ढग आणखी उतरले आणि दोन्ही धारांवर एकसारखा मऊ उजेड पडला. दिवसातला सर्वांत चांगला फोटो मला तेव्हा मिळाला. अर्धा सेकंद, कॅमेरा अगदी स्थिर. पाणी दुधासारखे आले आहे.

रात्री आईला संगणकावर फोटो दाखविले. तो दुधाचा फोटो तिने पाहिला, "छान," म्हणाली. मग मी रेड्याचा फोटो काढून त्याच्या शेजारी जुना फोटो ठेवला आणि दगड कोठे आहे ते बोटाने दाखविले. चष्मा सारखा करून ती बराच वेळ पाहत राहिली.

"म्हणजे माझ्या गळ्याशी पाणी आलं म्हणायचं," ती म्हणाली. आणि मग, "त्या माणसाची मोटार निघाली का?"

मला ठाऊक नव्हते. एवढेच नव्हे, त्याचे गाव कोणते हेही मी विचारले नव्हते. साठ-सत्तर फोटोंत त्याचा एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गातून बाहेर आलो तो मोबाईलवर त्याच्याकडून एक फोटो आला होता. मजकूर काही नव्हता. तांबडे सपाट पाणी, त्यातून सोयाबीनचे शेंडे रांगेने वर आलेले, मागे लिंबाचे एक झाड. मी फोन लावला. "मोटार निघाली, मालक. गुरं बी निघाली. सोयाबीन ऱ्हायलं." पुढे काय बोलावे हे मला सुचेना. तोच म्हणाला, "परत तिकडं गेलाव तर रेड्या बघा. वर आला का सांगा."

पुढच्या आठवड्यात तर सगळ्या मुलुखाचाच रेड्या बुडाला. सीनेला असा पूर आला की लांबोटीला पुलापाशी पुण्याचा महामार्ग बंद झाला, माढा-मोहोळकडची गावे पाण्यात गेली. आमच्या महाविद्यालयात मुले येईनाशी झाली आणि जी आली त्यांना वर्गात काय शिकवावे हे कळेना. दिवाळी अंकाच्या संपादकांना मी नर-मादीवर सचित्र लेख देण्याचे कबूल केले होते, ते त्या वर्षी जमणार नाही असे कळवून टाकले.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी एकटाच पुन्हा नळदुर्गला गेलो. ट्रायपॉड नेला नाही. किल्ल्यात न शिरता सरळ घळीत उतरलो. धारा बारीक झाल्या होत्या, पाणी निवळत आले होते, आणि नराच्या अलीकडे रेड्याची काळी पाठ हातभर वर आली होती. तिच्यावर गाळाचा एक पट्टा वाळून पांढरा पडला होता. ढग नव्हते, ऊन कडक होते. फोटो काढला आणि तिथूनच त्याला पाठविला. दुसरी प्रत आईला. हा फोटो लेखासोबत छापण्याजोगा नाही. पाणी पांढरे फटक आले आहे आणि हातही थोडा हलला आहे. पण दगड दिसतो.